गुळाचा खडा, रॉकेट आणि पाऊस

मुलांनो,

गेल्या वर्षीची गोष्ट. जून संपत आला होता. आमच्या ढाणकीची शाळा नुकतीच उघडली होती. नव्या वह्यांचा वास, जुन्या दप्तरांना नवे बंद, असं सगळं मजेत चाललं होतं. मी चौथीच्या वर्गात शिरले आणि फळ्यावर लिहिलं, ‘विज्ञानाचे उपयोग’. म्हटलं, चला, एकेकाने एकेक उपयोग सांगा. कुणी पंखा म्हणालं, कुणी मोटरसायकल, कुणी दवाखान्यातली सुई. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला. एरवी तो फार बोलत नाही. म्हणाला,

“मॅडम, विज्ञान लबाड हाये.”

वर्ग हसला. मीही हसले, पण लगेच गप्प झाले. कारण तो हसत नव्हता.

“माह्या बाबानं मोबाइलवर पाऊस पाहून सरकी टोबली. पाऊस आलाच नाही. सगळी सरकी मातीत गेली. आता पुन्हा बी आणा लागते.”

आता कुणीच हसेना. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी शेती आहे. दुबार पेरणी म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. दिवाळीचे कपडे, बहिणीच्या शाळेची फी, आजीची औषधं, सगळं त्या मातीत गेलेल्या सरकीबरोबर जातं.

मुलांनो, खरं सांगते, त्या दिवशी माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मी धडा बदलला. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, मी त्याला आणि सगळ्या वर्गाला एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांला सांगते. हा माणूस होता केमिकल इंजिनियर. नाव डॉ. वसंत गोवारीकर.

त्यांचा जन्म २५ मार्च १९३३ रोजी पुण्यात झाला. पण थांबा. पुढे जाण्याआधी एक सांगा. केमिकल इंजिनियर म्हणजे कोण?

माझ्या वर्गात उत्तरं आली, “फवारणीचं औषध बनवणारा”, “साबण बनवणारा”, “नळीत रंगीत पाणी ओतणारा”. थोडं थोडं बरोबर आहे. पण मी मुलांना शाळेच्या खिचडीकडे नेलं. म्हणजे खरोखरच नेलं! आमच्या खिचडी करणाऱ्या मावशींना विचारलं, “मावशी, घरी चौघांची खिचडी आणि इथं दोनशे मुलांची खिचडी, फरक काय?”

मावशी म्हणाल्या, “घरी चमच्यानं हलवलं की झालं. इथं पन्नासपट तांदूळ टाकला, पन्नासपट पाणी टाकलं, तरी खिचडी तशी होत नाही. खाली करपते, मधात कच्ची राहते. मीठ एका अंगाला खारट अन्‌ दुसऱ्या अंगाला अळणी. जाळ कुठून लावायचा, किती वेळ हलवायचं, सारंच बदलते.”

झालं! मावशींनी केमिकल इंजिनियरिंगचा पहिला धडा शिकवला. रसायनशास्त्रज्ञ एखादा पदार्थ लहान भांड्यात करून दाखवतो. म्हणजे चौघांची खिचडी. तोच पदार्थ हजारो किलोंनी करायचा, करपू द्यायचा नाही, फुटू द्यायचा नाही आणि प्रत्येक खेपेला सारखाच व्हायला हवा, हे काम केमिकल इंजिनियरचं. त्याला सतत दोन प्रश्न पडलेले असतात. उष्णता इथून तिथे कशी आणि किती वेगाने जाईल? आणि एखादा पदार्थ दुसऱ्यात कसा आणि किती वेगाने मिसळेल? जाळ मधल्या तांदळापर्यंत पोचला का, आणि मीठ सगळीकडे पोचलं का. एवढंच!

हे दोन प्रश्न लक्षात ठेवा. गोवारीकरांची सगळी गोष्ट त्यांच्याभोवतीच फिरते.

तरुणपणी गोवारीकर शिकायला इंग्लंडला गेले. बर्मिंगहॅम विद्यापीठात त्यांनी प्राध्यापक गार्नर यांच्या हाताखाली केमिकल इंजिनियरिंगमध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यांचा विषय ऐकायला अवघड आहे, पण तुमच्या ओळखीचा आहे. घन पदार्थ आणि भोवतालचा द्रव किंवा वायू यांच्यात उष्णतेची आणि पदार्थाची देवाणघेवाण कशी होते, याचा अभ्यास. त्यातून जी मांडणी पुढे आली, तिला गार्नर-गोवारीकर सिद्धान्त असं नाव पडलं.

आता गुळाचा खडा पाण्यात टाका. तो घन, पाणी द्रव. पाणी स्थिर असेल तर खड्याला चिकटून गोड पाण्याचा एक थर बसून राहतो आणि विरघळणं मंदावतं. ढवळलं की तो थर पुढे सरकतो, नवं पाणी खड्यापाशी येतं, गूळ भराभर विरघळतो. आजी सरबत ढवळते ना, ती हेच करत असते. फरक एवढाच, की आजीला अंदाज पुरतो आणि इंजिनियरला गणित लागतं. ढवळण्याचा वेग दुप्पट केला तर वेळ किती वाचेल? खडा निम्मा केला तर? असं.

शिक्षण झालं. हार्वेल या ठिकाणी ब्रिटनची मोठी अणुसंशोधन संस्था होती, तिथे त्यांनी काम केलं. मग समरफिल्ड इथे रॉकेटच्या इंधनावर. चांगलं काम, चांगली प्रयोगशाळा. पण भारतात डॉ. विक्रम साराभाई अवकाश संशोधनासाठी माणसं गोळा करत होते. त्यांनी बोलावलं आणि १९६७ मध्ये गोवारीकर केरळमधल्या थुंबा या गावी आले.

थुंबा म्हणजे काय होतं ठाऊक आहे? समुद्राकाठचं मच्छीमारांचं गाव. तिथलं चर्च गावकऱ्यांनी आणि धर्मगुरूंनी विज्ञानासाठी मोकळं करून दिलं होतं. त्याच चर्चमध्ये सुरुवातीचं ऑफिस थाटलेलं. रॉकेटचे भाग सायकलच्या कॅरिअरवर ठेवून नेले जात. तिथलं एक प्रसिद्ध छायाचित्र तुम्ही पाहिलंही असेल. तर अशा ठिकाणी, इंग्लंड सोडून, हा माणूस रॉकेटचं घन इंधन बनवायला आला.

घन इंधन म्हणजे काय, ते आपण स्वयंपाकघरातच समजून घेऊ. पण हे फक्त समजून घ्यायचं बरं का, करायचं मुळीच नाही!

पणतीवर पेला उपडा ठेवला की पणती विझते, कारण आतला ऑक्सिजन कमी पडतो. रॉकेट जिथे जातं तिथे हवाच नाही. मग इंधन जळणार कसं? म्हणून रॉकेट आपला ऑक्सिजन बरोबर घेऊन जातं. अमोनियम परक्लोरेट नावाचं एक मिठासारखं पांढरं रसायन असतं, त्यातून ऑक्सिजन मिळतो. जळायला ॲल्युमिनियमची बारीक भुकटी असते. आणि दोघांना धरून ठेवायला रबरासारखा चिकट पदार्थ असतो, तोही जळतो. हे सगळं कणकेसारखं, नाही, ढोकळ्याच्या पिठासारखं कालवायचं, रॉकेटच्या नळकांड्यात ओतायचं आणि उबेत ठेवून घट्ट होऊ द्यायचं. कालवताना एक ठिणगी पडली तरी खेळ खलास. म्हणून ते यंत्राने, दुरून कालवतात.

आता यातली खरी मेख. इंधनाच्या मधोमध लांबच लांब पोकळी ठेवतात. कधी गोल, कधी चांदणीच्या आकाराची. का बरं? तुमच्या घरी चूल असेल तर तुम्हांला लगेच कळेल. बाभळीचा ओंडका तासभर धुमसतो. पण तेवढ्याच वजनाच्या पऱ्हाट्या चुलीत घातल्या तर? भुर्रकन पेटतात आणि संपतात! वजन तेच, पण पऱ्हाट्यांचा जळणारा पृष्ठभाग कितीतरी जास्त. पोकळीचा आकार ठरवला की इंधन किती भराभर जळेल ते ठरतं.

आणि म्हणूनच त्या घट्ट झालेल्या इंधनात एक भेग चालत नाही, एक बुडबुडा चालत नाही. भेग पडली की पृष्ठभाग अचानक वाढला. म्हणजे ओंडक्याच्या अचानक पऱ्हाट्या झाल्या. दाब भसकन वाढतो आणि रॉकेट फुटू शकतं. लहान रॉकेटात किलोभर इंधन भेगेशिवाय घट्ट करता येतं. टनभर इंधन कसं करायचं? पाहा, परत मावशींचा प्रश्न आला. चौघांची खिचडी आणि दोनशे जणांची खिचडी!

गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. १९७९ साली ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले आणि १९८५ पर्यंत त्या पदावर होते. पहिल्याच वर्षी, १० ऑगस्ट १९७९ रोजी, श्रीहरिकोटाहून भारताचं एसएलव्ही-३ हे यान उडालं. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. यान वर गेलं, दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत बिघाड झाला आणि सगळं बंगालच्या उपसागरात पडलं. पहिल्या टप्प्याचं घन इंधन नीट जळालं होतं, पण समुद्रात पडलेल्या यानाला काय त्याचं? सगळ्यांचीच मेहनत बुडाली. एका अर्थी ती त्यांची सरकी मातीत गेली म्हणा ना.

मग काय केलं? बिघाड शोधला. कागदावर लिहिला. दुरुस्त केला. आणि वर्षभराच्या आत, १८ जुलै १९८० रोजी, पुन्हा पेरणी केली. एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. स्वतःच्या रॉकेटने उपग्रह सोडणारा भारत हा सहावा देश ठरला. त्या रोहिणीचं वजन किती होतं? सुमारे ३५ किलो. म्हणजे युरियाच्या एका पोत्यापेक्षाही कमी! आणि तो वर न्यायला यान लागलं १७ टनांचं. चारही टप्पे घन इंधनाचे.

इथे माझ्या वर्गातल्या त्या मुलाने हात वर केला. “मॅडम, पण पावसाचं काय?”

थांब बाबा, येतेच पावसाकडे.

१९८६ मध्ये गोवारीकर दिल्लीला केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करायचं त्याच वर्षी ठरलं आणि १९८७ पासून तो सुरू झाला. १९२८ साली याच तारखेला सर सी. व्ही. रामन यांनी आपला शोध जाहीर केला होता, म्हणून ही तारीख. म्हणजे आपण दर वर्षी शाळेत जे तक्ते लावतो आणि प्रयोग मांडतो, त्याची सुरुवात या काळातली.

१९८७ ला देशात मोठा दुष्काळ पडला. पाऊस किती पडणार ते आधी सांगता आलं असतं तर? हा प्रश्न तर जुनाच. गोवारीकरांनी हवामानशास्त्रज्ञांच्या साथीने तो हातात घेतला. आणि त्यांनी काय केलं, तर साऱ्या पृथ्वीकडे एका भल्यामोठ्या खिचडीच्या भांड्यासारखं पाहिलं. (हे भांडं माझं हं, त्यांचं नव्हे!) समुद्रातली उष्णता हवेत कशी जाते, बाष्प जमिनीकडे कसं येतं, हेच तर पावसाचं कोडं. इथली उष्णता तिथे, तिथलं पाणी इथे.

त्यांनी १६ गोष्टी निवडल्या. हिमालयावर आणि युरोप-आशियात हिवाळ्यात किती बर्फ पडलं. प्रशांत महासागराचं पाणी किती तापलं, म्हणजे ज्याला एल निनो म्हणतात ते. उंचावरचे वारे कसे आहेत. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन गावी हवेचा दाब किती. आणि चक्क दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिनात हवेचा दाब किती! नकाशा काढा आणि बघा, कुठे अर्जेंटिना आणि कुठे आपलं ढाणकी. पण हवा एकच, तिला सीमा ठाऊक नाहीत. या १६ गोष्टींपैकी किती अनुकूल आणि किती प्रतिकूल, यावरून देशात एकूण पाऊस किती पडेल त्याचं गणित मांडलं. १९८८ ला अंदाज आला, पाऊस चांगला होईल. आणि झालाही! ‘गोवारीकर मॉडेल’ हे नाव वर्तमानपत्रांतून गावोगावी पोचलं. दर वर्षी मृगाच्या आधी लोक त्याची वाट पाहू लागले.

पुढची काही वर्षं अंदाज साधारण बरोबर येत गेले. आणि मग आलं २००२ साल. अंदाज होता सरासरीइतक्या पावसाचा. प्रत्यक्षात देशात सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पाऊस पडला. जुलै महिन्यात तर नेहमीच्या सुमारे निम्माच पाऊस पडला. मॉडेल चुकलं.

मी हे सांगितल्यावर वर्गात तो मुलगा एकदम म्हणाला, “पाहा! लबाडच निघालं.”

म्हटलं, थांब, नीट बघू. लबाड कोण? ज्याला खरं ठाऊक आहे आणि तो खोटं सांगतो, तो लबाड. ज्याने प्रामाणिकपणे हिशेब केला आणि तो चुकला, तो चुकला. लबाडी आणि चूक, हे दोन वेगळे शब्द आहेत. चूक ओळखायची कशी? लबाड माणूस चूक लपवतो. विज्ञान चूक मोजतं. २००२ ची चूक सगळ्यांसमोर मोजली गेली. २००३ पासून हवामान विभागाने १६ गोष्टींचं जुनं मॉडेल बाजूला ठेवून नवी मॉडेलं वापरायला घेतली. तीही पुढे बदलली. आज तर मोठमोठे संगणक वातावरणाचा हिशेब करतात. तेही चुकतात. पण चूक किती झाली ते लिहून ठेवलेलं असतं, म्हणून उद्याचा हिशेब कालच्यापेक्षा बरा करता येतो.

आणखी एक मजेची गोष्ट सांगते. १९८८ ते २००१ ही १४ वर्षं देशाचा एकूण पाऊस बराच राहिला, मोठा दुष्काळ पडलाच नाही. म्हणजे मॉडेलची खरी अवघड परीक्षा झाली ती २००२ लाच. रोज वेळेवर येणाऱ्या एसटीचं वेळापत्रक सांगणं सोपं असतं. ती कधी येणार नाही, हे आधी सांगणं अवघड. एल निनोचंही तसंच. तो आला की आपला पाऊस बहुतेकदा कमी होतो, पण दर वेळी नाही. १९९७ मध्ये मोठा एल निनो होता, तरी पाऊस ठीकच पडला.

आणि हेही लक्षात घ्या. देशाच्या मोसमी पावसाची सरासरी आहे सुमारे ८७ सेंटीमीटर. वर्गाची सरासरी ६० गुण आली, म्हणजे प्रत्येकाला ६० मिळाले का? कुणाला ९०, कुणाला ३०. ‘देशात पाऊस सरासरीइतका’ म्हणजे तुमच्या वावरात, तुमच्या पेरणीच्या दिवशी पाऊस, असा त्याचा अर्थ नव्हे. मोबाइलवरचा रोजचा अंदाजही बहुधा एका मोठ्या पट्ट्याचा असतो. आपल्या एका शेताचा नसतो.

आता गोष्टीचा शेवटचा भाग, मला सगळ्यांत आवडणारा. दिल्लीहून गोवारीकर पुण्याला आले. १९९५ ते १९९८ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षही होते. एवढं झाल्यावर माणूस काय करतो? आरामखुर्चीत बसतो, नातवंडांना गोष्टी सांगतो. गोवारीकरांनी काय केलं? खतांचा ज्ञानकोश लिहिला! अवकाशात रॉकेट धाडणारा माणूस थेट शेतातल्या मातीत उतरला. २००९ साली तो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४,५०० नोंदी आहेत. आणि मुखपृष्ठावर लेखकांची नावं वाचली तर त्यांत त्यांच्या पत्नी सुधा गोवारीकर यांचंही नाव दिसतं. मला हे फार आवडतं. कितीतरी घरांत बाबांचं काम म्हणजे बंद दाराआडची गोष्ट असते. इथे पती-पत्नींची नावं एकाच पुस्तकावर छापली आहेत.

आणि खत म्हणजे तरी काय? युरियाचा पांढरा दाणा ओल्या मातीत पडतो. घन पदार्थ, भोवती पाणी. कसा विरघळेल, किती वेगाने, मुळापर्यंत किती पोचेल आणि किती वाया जाईल? अहो, हा तर बर्मिंगहॅमचा गुळाचा खडा! युरियाच्या १०० किलोंत ४६ किलो नत्र असतो, पण त्यातला बराचसा पिकाला मिळतच नाही. काही हवेत उडतो, काही पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातो. म्हणजे पैसे बाबांनी दिले आणि नत्र गेला नाल्याला.

तुम्ही नाही का, पावसाळ्यात एक खेळ खेळता, हिवाळ्यात दुसरा, उन्हाळ्याच्या सुट्टीत तिसरा? खेळ बदलतो, खेळणारा तोच. मला गोवारीकर तसे वाटतात. इंग्लंडमध्ये एक खेळ, थुंब्याला दुसरा, दिल्लीत तिसरा, पुण्यात चौथा. आणि प्रत्येक डावात तेच दोन प्रश्न, उष्णता कशी पोचते आणि पदार्थ कसा मिसळतो. ज्याला खेळात गंमत वाटते तोच डाव हरल्यावर पुन्हा राज्य घ्यायला तयार होतो. रडका गडी घरी निघून जातो.

भारत सरकारने त्यांना १९८४ मध्ये पद्मश्री आणि २००८ मध्ये पद्मभूषण दिलं. २ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. पत्नी आणि तीन मुली असा त्यांचा परिवार होता. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते.

आता त्या मुलाचं काय झालं, ते सांगते.

गेल्या जुलैतच मी त्याच्या हातात एक रिकामा डबा दिला होता. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा. म्हटलं होतं, “लबाड कोण ते तूच मोज.” त्याने पावसाळाभर अंगणात डबा ठेवला, रोज सकाळी पट्टीने पाणी मोजलं, वहीत लिहिलं. मग हट्ट करून दुसरा डबा शेतात ठेवला. शेत गावापासून दोन किलोमीटरवर. एकदा गावातल्या डब्यात २२ मिलिमीटर पाणी आणि शेतातला डबा कोरडा ठणठणीत! त्या दिवशी तो शाळेत पळतच आला. “मॅडम, पाऊस गावात होता, वावरात नव्हता!” अंदाज बरोबर असूनही वावर कोरडं राहू शकतं, हे मी त्याला दहा वेळा सांगून पटलं नसतं. डब्याने एकदाच सांगितलं.

विज्ञान दिनाच्या गोष्टीनंतर त्याने आणखी एक विचारलं. “मॅडम, पेरायचं कवा मग?” याला मात्र उत्तर आहे. शेतीतले जाणकार सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत चांगली ओल गेल्यावरच पेरणी करा. म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीपासून डब्यात मोजलेल्या पाण्याची बेरीज साडेसात ते दहा सेंटीमीटर व्हायला हवी. अंदाज आकाशाचा असतो, डबा आपल्या वावराचा. दोन्ही बघायचं. यंदा त्याचा डबा एक जूनपासूनच वावरात असणार आहे. त्याचे बाबा म्हणाले, “पोरगं म्हणेल तवाच सरकी काढतो.” हसत म्हणाले, पण म्हणाले.

करून बघा

पहिला प्रयोग. चार सारखे पेले घ्या, सारखंच पाणी भरा. सारख्या वजनाचे गुळाचे चार भाग करा. पहिल्या पेल्यात खडा टाका आणि हात लावू नका. दुसऱ्यात टाका आणि ढवळा. तिसऱ्यात कोमट पाणी घ्या, मोठ्यांना विचारून. चौथ्यात गूळ कुटून टाका, पण ढवळू नका. किती मिनिटांत विरघळला ते लिहा. कुठला पेला जिंकेल, ते आधीच वहीत लिहून ठेवा. चुकलात तर खोडू नका. शेजारी खरा आकडा लिहा. मग चारही पेल्यांचं सरबत करून प्या. लिंबू मात्र विसरू नका.

दुसरा प्रयोग. सरळ बाजूंचा डबा, झाडापासून आणि पन्हाळीपासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज ठरलेल्या वेळी पाणी मोजा, लिहा आणि डबा रिकामा करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी! तुमच्या शेतावर पहिल्या पावसात किती लिटर पडलं, त्याचा गुणाकार करून आईबाबांना वाचून दाखवा.

आणि आईबाबांनो, चार ओळी तुमच्यासाठी. पोरगं डबा घेऊन वावरात निघालं तर “काय खेळ मांडला” म्हणून हटकू नका. त्याच्या वहीतला आकडा एकदा विचारा. त्याला वाटेल, आपल्या खेळाचा घराला उपयोग झाला. आणि कदाचित खरंच होईल.

आकडे कळवा. ज्यांचा अंदाज चुकला त्यांची पत्रं मी आधी वाचणार आहे!